शब्द अडकतो तेव्हा: तोतरेपणाची कारणं आणि रोजचे उपाय

घरातलं तीन वर्षांचं मूल ‘राम’ला ‘लाम’ म्हणत असेल तर ते बोबडं बोलतं. ‘र-र-र-राम’ म्हणत असेल, किंवा ‘रा’ काढायला तोंड उघडून नुसतंच थांबत असेल, तर ते तोतरं बोलतं. घरोघरी दोन्हींना सरसकट ‘बोबडं’ म्हटलं जातं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बोबड्या मुलाला जीभ नेमकी कुठे टेकवायची हे अजून जमलेलं नसतं. तोतऱ्या मुलाचा उच्चार ठीक असतो, कोणता शब्द बोलायचा हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. तो वेळेवर सुटत नाही, एवढंच. म्हणूनच समोरच्याने घाईघाईने त्याचा शब्द पुरा केला की मदत होत नाही, अपमान होतो.

अडखळणं तीन तऱ्हांनी होतं. आवाज पुन्हापुन्हा येतो: ‘पा-पा-पा-पाणी’. किंवा ताणला जातो: ‘स्स्स्साखर’. किंवा काहीच बाहेर येत नाही: ओठ घट्ट मिटलेले, मागे हवा कोंडलेली, घशात स्वरतंतू आवळलेले, आणि समोरच्याला वाटतं, हा बोलायचं विसरला की काय. या तिसऱ्या प्रकाराला वाचा-उपचार करणारे थेरपिस्ट ब्लॉक म्हणतात. बोलणाऱ्याला सगळ्यात जास्त जाच याचाच.

यावर हळूहळू दुसरा थर चढतो. डोळे मिचकावणं, मान झटकणं, मांडीवर हात आपटणं, ‘म्हणजे’, ‘ते हे’ अशा टेकूवरून उडी मारणं. कधीतरी मान झटकली आणि नेमका त्याच क्षणी शब्द सुटला, की मेंदू ती सांगड लक्षात ठेवतो. काही महिन्यांत झटक्याचा उपयोग संपतो, झटका मात्र राहतो. हा थर शिकलेला असतो, म्हणून सोडताही येतो. मोठ्या माणसासाठी पुढे जी मेहनत सांगितली आहे, ती बरीचशी याच थरावरची आहे.

कारण काय, आणि काय नाही

बोलताना श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांना सेकंदाच्या काही भागात, ठरलेल्या क्रमाने हुकूम जावे लागतात. तोतरं बोलणाऱ्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत डाव्या बाजूच्या ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये फरक आढळतो. ‘आता सुरू कर’ असा इशारा देणाऱ्या खोलवरच्या केंद्रांच्या कामातही फरक दिसतो. त्यामुळे गाडी बहुधा शब्दाच्या पहिल्याच आवाजावर अडते. आरतीत, पाढे एका सुरात म्हणताना किंवा गाण्यात तोच माणूस सहसा अडखळत नाही. तिथे ठेका बाहेरून मिळतो, सुरुवातीचा इशारा एकट्याने द्यावा लागत नाही. ‘गाणं बरं म्हणता येतं, मग बोलताना नाटकं का?’ हा टोमणा म्हणूनच चुकीचा आहे. दोन कामं मेंदूला सारखी नाहीत.

अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मामा, काका, आजोबा यांच्यापैकी कुणीतरी अडखळणारं अनेक घरांत सापडतं. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाकिस्तानातल्या काही कुटुंबांपासून सुरुवात करून तोतरेपणाशी जोडलेले पहिले जनुकीय बदल दाखवले. असे बदल थोड्याच लोकांत सापडतात, त्यामुळे रक्त तपासून निदान करण्याची सोय नाही.

शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी तोतरं बोलतात. सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान होते, कधी हळूहळू, कधी अक्षरशः एका रात्रीत. त्यातल्या दर चारांपैकी तीन मुलांचं पुढे आपोआप किंवा थोड्या मदतीने सुटतं. मोठ्यांमध्ये प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरतं. मुली जास्त प्रमाणात बाहेर पडतात, म्हणून मोठेपणी तोतरं बोलणाऱ्या चार पुरुषांमागे एक स्त्री दिसते.

‘कुत्रं अंगावर आलं तेव्हापासून’, ‘धाकटी झाली तेव्हापासून’, ‘शेजारच्या पोराची नक्कल करता करता’ ही कारणं जवळजवळ प्रत्येक आईवडील सांगतात. या वयात कुत्रंही अंगावर येतं, भावंडंही होतात आणि तोतरेपणही याच वयात सुरू होतं. सांगड आपण घालतो. नक्कल केल्याने हे लागत नाही. भीती, थकवा, घाई यांनी असलेलं अडखळणं वाढतं, नसलेलं निर्माण होत नाही. घरात मराठी आणि बालवाडीत इंग्रजी असल्यानेही तोतरेपण येत नाही. त्यासाठी घरातली मराठी बंद करू नका. मुलाच्या तोंडची सर्वांत सोपी भाषा काढून घेतल्यासारखं होतं. आणि आईने गरोदरपणात काय केलं, हा प्रश्न तर विचारूच नका.

जिभेखाली गारगोटी, मधातलं वेखंड, चघळायला अक्कलकारा, पोपटाने उष्टावलेला पेरू हे सगळं लोक करून पाहतात. अक्कलकाऱ्याने जीभ चुरचुरते, त्यामुळे काहीतरी होतंय असं वाटतं, पण अडचण जिभेत नसतेच. लहान मुलाच्या तोंडात गारगोटी तर मुळीच नको, ती घशात अडकू शकते. जिभेखालचा पडदा कापूनही तोतरेपण जात नाही. १८४१ मध्ये बर्लिनच्या डीफेनबाख नावाच्या शल्यविशारदाने यासाठी जिभेच्या मुळाशी शस्त्रक्रिया केल्या होत्या. तो मार्ग वैद्यकाने कधीच सोडला. गोळीही नाही. तोतरेपणासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध आजपर्यंत एकही नाही.

पाच वर्षांच्या आतलं मूल

या वयात थोडं अडखळणं सगळ्याच मुलांचं होतं. ‘मला मला, आई, मला तो तो बॉल दे’ असं अख्खा शब्द एकदोनदा म्हणणं, चेहरा सैल असणं, हे चालायचंच. लक्ष द्यायचं ते शब्दाचा तुकडा तीन-चार वेळा येतो का, आवाज सेकंदभर ताणतो का, ओठ थरथरतात का, आवाजाची पट्टी चढते का, आणि बोलता बोलता मूल ‘जाऊ दे’ म्हणून सोडून देतं का याकडे. ढोबळ माप असं की शंभर अक्षरांत असे तुकडे, ताण किंवा ब्लॉक तीन किंवा जास्त असतील तर ते नेहमीच्या अडखळण्यापलीकडचं आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरचा इथे चांगला उपयोग होतो. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात ० ते ९ मधला एक आकडा लिहा. ० म्हणजे अजिबात अडखळलं नाही, ९ म्हणजे याहून वाईट असू शकत नाही. शक्यतो आकडा एकाच माणसाने द्यावा. आई ३ देते तिथे आजी ७ देते आणि मग नोंदीला अर्थ उरत नाही. हे हवं कशासाठी? मुलांचं तोतरेपण लाटांनी येतं. दहा दिवस गायब होतं, पेढे वाटले जातात, अकराव्या दिवशी पुन्हा येतं आणि घर हबकतं. महिन्याभराचे आकडे समोर असले की लाट आणि कल यांतला फरक दिसतो. थेरपिस्टकडे जाताना याच पानांचा फोटो न्या, सोबत घरातल्या बोलण्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ. दवाखान्यात मूल हमखास स्वच्छ बोलतं.

‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘आधी विचार कर, मग बोल’ ही तीन वाक्यं घरातून काढून टाका. मुलाने विचार केलेलाच असतो. श्वासाचं तर उलट होतं: बोलण्याआधी मोठा श्वास घेऊन तो धरला, की स्वरतंतू मिटतात आणि ब्लॉकची तयारीच होते. वेग कमी करायचा तो मुलाचा नव्हे, आपला. मुलाचं वाक्य संपल्यावर लगेच उत्तर न देता मनात ‘एक-दोन’ म्हणण्याइतकं थांबा, आणि आपलं वाक्य जरा सैल सोडा. आपण थांबलो की मुलालाही थांबायची सवड मिळते.

प्रश्नांचा मारा कमी करणं हा दुसरा, तितकाच मोठा बदल. शाळेतून आल्या आल्या आपण काय करतो? ‘डबा खाल्लास? बाईंनी काय शिकवलं? कुणाशी खेळलास? बोल ना!’ चार प्रश्न, चारही उत्तरं लगेच हवीत. त्याऐवजी पाठीवरून दप्तर काढता काढता म्हणा, ‘अरे वा, आज डबा रिकामा.’ आणि गप्प बसा. बोलायचं असेल तर मूल बोलेल, स्वतःच्या वेळाने आणि जमतील तेवढ्या शब्दांत. पाहुण्यांसमोर ‘काकांना सांग बरं, सहलीला काय काय पाहिलं’ हेही बंद. कविता म्हणायला लावली तर ती चालून जाते, कारण ती ठेक्यावर असते. वर्णन सांगणं जड जातं.

आठवड्यातून तीन-चार दिवस पाचच मिनिटं फक्त त्या मुलाला द्या. फोन दुसऱ्या खोलीत. खेळ त्याने निवडायचा, पुढाकार त्याचा, तुम्ही मागून. पाच मिनिटं थोडी वाटतात म्हणून लोक अर्धा तास ठरवतात आणि दोन दिवसांत सोडतात. पाचच ठेवा.

शब्द अडकला की डोळे वळवू नका, चेहरा काळजीचा करू नका. शब्द येऊ द्या आणि मग जे सांगितलं त्याला उत्तर द्या, जसं सांगितलं त्याला नाही. मुलाने स्वतः विचारलं, ‘मला असं का होतं?’ तर विषय झटकू नका. ‘कधीकधी तुझा शब्द अडकतो. पुष्कळ मुलांचं होतं. मी थांबते, तू सांग.’ एवढं पुरतं. ‘दुर्लक्ष करा, बोलूच नका त्याबद्दल’ हा सल्ला अजूनही दिला जातो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांनी मांडलेल्या जुन्या समजात आहे: आईवडिलांनी नाव ठेवलं म्हणून तोतरेपण येतं. हा समज टिकला नाही. घरात कुणी बोलत नाही यावरून मूल एवढंच ताडतं की हे लाजेचं काहीतरी आहे.

थांबायचं किती? सुरुवात होऊन सहा महिने झाले, घराण्यात मोठेपणीही तोतरं बोलणारं कुणी आहे, मुलगा आहे, किंवा साडेतीन वर्षांनंतर सुरू झालं, यांपैकी दोन गोष्टी असतील तर थांबू नका. मूल जोर लावत असेल, बोलणं टाळत असेल, तर एकही महिना नको. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली लिडकम पद्धत बरीच वापरली जाते. त्यात पालक रोज १० ते १५ मिनिटं बसतात, सुरळीत बोलण्याचं कौतुक वारंवार करतात आणि अडखळल्याचा उल्लेख क्वचित, अगदी हलक्या शब्दांत करतात. व्हिडिओ बघून ही घरी सुरू करू नका. कौतुक आणि टोकणं यांचं प्रमाण उलटलं की मूल गप्प होतं, आणि ते नेमकं उलटतंच.

शाळेत

शिक्षकांना वर्षाच्या पहिल्या आठवड्यात भेटा, तक्रार म्हणून नव्हे, सूचना म्हणून. तीन गोष्टी मागा. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणणं जमत नसेल तर हात वर केला तरी चालावा. प्रकट वाचनात दोघांनी मिळून वाचण्याची मुभा असावी. एकत्र वाचताना बहुतेकांचं अडखळणं गळून पडतं, आणि दोघं वाचताहेत म्हणून कुणी एक उठून दिसत नाही. तोंडी परीक्षेला वेळ जास्त मिळावा. तोंडी परीक्षेतून पूर्ण सूट मात्र मागू नका. एकदा सूट मिळाली की पुढच्या वर्षी भाषणातून, मग गॅदरिंगमधून, आणि दहावीपर्यंत मूल मागच्या बाकावर जातं.

‘त-त-प-प’ म्हणून चिडवणाऱ्याला द्यायचं उत्तर घरी घोकून घ्या: ‘हो, मी अडखळतो. मग?’ चिडवणारा मूल चिडण्याची वाट बघत असतो, ते चिडलंच नाही की खेळ संपतो. पाचव्या-सहाव्यांदा. पहिल्यांदा नाही.

मोठ्या माणसाचं काम

तिकीट काढताना ‘स्वारगेट’चा ‘स्व’ निघत नाही म्हणून पुढच्या थांब्याचं तिकीट मागून चालत मागे येणारी माणसं आहेत. हॉटेलात हवा असतो डोसा, ‘ड’ अडतो म्हणून मागवतात इडली. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, आणि हाच फसवा भाग आहे. ज्याचं तोतरेपण कुणाला दिसत नाही, तो पुष्कळदा सगळ्यात जास्त दमलेला असतो. शब्द चुकवण्याची प्रत्येक सुटका पुढच्या वेळची भीती थोडी वाढवते. स्वतःच्या नावावर बरेच जण अडकतात ते याचमुळे. नावाला पर्यायी शब्द नसतो.

म्हणून पहिले दोन आठवडे अडखळणं कमी करू नका, फक्त बघा. रोज फोनवर तीन मिनिटांचं खरं बोलणं रेकॉर्ड करा, वाचन नको. ऐकताना तीनच गोष्टी लिहा: कोणत्या आवाजावर, तीन तऱ्हांपैकी कोणती, आणि ताण कुठे होता, ओठात, जिभेच्या मुळाशी की घशात. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकवत नाही. चौथ्या दिवसापर्यंत तो नुसता माहिती वाटू लागतो.

पुढचा आठवडा मुद्दाम अडखळायचा. दिवसातून पाच वेळा, न अडणाऱ्या शब्दावर, सैल: ‘चा-चा-चहा द्या.’ विचित्र वाटतं, पण भीती उतरवणारं याच्यासारखं दुसरं साधन नाही. जे लपवायचं होतं ते तुम्हीच बाहेर ठेवलंत. चूक होते ती अशी की लोक पटकन, पुटपुटत करतात आणि नजर खाली घालतात. समोरच्याच्या डोळ्यांत बघून केलं तरच ते मोजा.

मग तंत्र. अमेरिकेतले वाचा-उपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी लावलेला क्रम अजूनही चालतो, कारण तो सोप्याकडून अवघडाकडे जातो: आधी शब्दानंतर, मग शब्दात, शेवटी शब्दाआधी.

समजा शब्द आहे ‘पाटील’. ‘प’वर ओठ मिटले आणि अडलं. पहिल्या पायरीवर ते आहे तसं होऊ द्या, शब्द पुरा करा, मग तीन सेकंद पूर्ण थांबा. त्या तीन सेकंदांत ओठ कुठे दाबले गेले ते आठवा आणि सोडा. मग ‘पाटील’ पुन्हा म्हणा, पण या वेळी ‘प’वर ओठ एकमेकांना जेमतेम टेकवून, इतके हलके की मधून किंचित हवा निसटावी, आणि ‘पा’ जरा लांबवून. ‘पाऽटील’. बहुतेक जण इथे चुकतात: दुसऱ्यांदा खणखणीत, बिनचूक ‘पाटील’ म्हणायचा प्रयत्न करतात. मग ती शिक्षा होते आणि ओठ आणखी दाबले जातात. दुसरा ‘पाटील’ सैल हवा, सुंदर नको. आठवड्याभरात अडलेल्या दहा शब्दांपैकी सहा-सात शब्दांवर हे जमलं की पुढे सरका.

दुसरी पायरी अडकलेलं असतानाच. ब्लॉकमध्ये आहात, ओठ गच्च आहेत. सुटायला जोर लावायचा नाही, मागे हटून परत सुरुवात करायची नाही. आहात तिथेच राहून दाब हळूहळू कमी करायचा, आवळलेली मूठ उघडावी तसा, आणि आवाज सुरू झाला की ‘आ’वर सरकत जायचं. एक सेकंद लागेल, दोन लागतील. तिसरी पायरी म्हणजे शब्द अडणार असं आधीच जाणवलं, तर तो सुरुवातीपासूनच त्या हलक्या ओठांनी उचलायचा.

स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांची गोष्ट वेगळी: ‘आई’, ‘ऑफिस’, ‘एक’. इथे ओठ नव्हे, घसा मिटतो. आधी किंचित हवा सोडा, अर्धवट ‘ह’ म्हणतो तशी, आणि त्या हवेवर आवाज चढवा. ‘क’ आणि ‘ग’ला जिभेचा मागचा भाग टाळूला असाच हलका टेकवायचा.

चुटकी वाजवून किंवा बोटाच्या ठेक्यावर बोललं की पहिल्या दिवशी जादू होते. थोड्याच दिवसांत ती विरते आणि हातात चुटकीची सवय उरते. आवाज लांबवत अतिसंथ बोलण्याचा सराव, सुरुवातीला सेकंदाला एक अक्षर, शास्त्रशुद्ध आहे. पण त्या वेगावरून नेहमीच्या बोलण्याकडे कोणत्या टप्प्यांनी यायचं हे शिकवणारं कुणी हवं, नाहीतर माणूस यंत्रासारखा बोलतो आणि महिन्याभरात कंटाळून सोडतो. स्वतःचा आवाज किंचित उशिराने कानात ऐकवणारी ॲप्स मिळतात. काहींना गुण येतो, काहींना काहीच होत नाही. आठवडाभर वापरून ठरवा, पैसे भरण्याआधी.

फोन

फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून ब्लॉकची शांतता लाइन तुटल्यासारखी वाटते. पलीकडून ‘हॅलो? हॅलो?’ सुरू होतं आणि दाब दुप्पट होतो. म्हणून फोनवर मूक ब्लॉकपेक्षा आवाज चालू ठेवणारं अडखळणं बरं. ‘म’ किंवा ‘आ’ लांबला तरी चालेल, शांतता नको. पहिलंच वाक्य हे ठेवा: ‘मी अडखळत बोलतो, जरा वेळ लागेल.’ क्षमा मागू नका, नुसतं सांगा. मुलाखतीतही हेच, पहिल्या मिनिटात. पुढची वीस मिनिटं लपवण्यात जाणारी ताकद उत्तरांसाठी मोकळी होते.

सरावासाठी रोज दोन फोन. औषधांच्या दुकानात ‘कापूस आहे का?’, गॅरेजमध्ये ‘किती वाजेपर्यंत उघडं?’ अट एकच, एका शब्दावर मुद्दाम अडखळायचं. न अडखळता बोललात तर तो फोन मोजायचा नाही.

कुणाकडे जायचं

वाचा-उपचार करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असावी; पदवी साधारणपणे बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी) किंवा त्यापुढची. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा विभाग, पुण्यात भारती विद्यापीठाचं महाविद्यालय, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांसाठी शासकीय रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. ‘दहा दिवसांत कायमचं बरं, हमी’ अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागा. पहिल्या भेटीत विचारा: मोठ्यांच्या तोतरेपणाचे किती रुग्ण तुम्ही पाहता, आणि दवाखान्याबाहेर बोलण्याचा सराव करून घेता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर फायदा दाराशीच थांबेल. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गट आहेत. तंत्राच्या सरावाला त्याहून मोकळी जागा मिळणं कठीण.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळेलच असं धरून चालू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचादोष सांगताना स्वरयंत्र काढणं आणि मेंदूच्या इजेने भाषा जाणं अशी उदाहरणं आहेत, तोतरेपणाचं नाव नाही.

कधीच न अडखळणारा मोठा माणूस अचानक अडखळू लागला तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तोंड वाकडं होणं, हातात जोर नसणं सोबत असेल तर तो पक्षाघात असू शकतो, त्याच मिनिटाला रुग्णालय गाठा. नुकतंच सुरू केलेलं एखादं औषधही कारण असू शकतं, ते डॉक्टरांना सांगा, स्वतः बंद करू नका.

तंत्र जमल्यावर सहाआठ महिन्यांनी वाईट आठवडा येतोच, बहुधा जागरण, लग्नघर किंवा नवीन नोकरीच्या तोंडावर. तेव्हा नवं काही शोधू नका. तीन दिवस पुन्हा रेकॉर्डिंग आणि नोंद, बाकी काही नाही. कोणता शब्द टाळायला लागलात ते त्यात सापडेल. चौथ्या दिवशी औषधांच्या दुकानात फोन, आणि ‘का-का-कापूस’.